जवभर

जालना सोन्याचा पाळणा, असं म्हणतात.
आमच्या कादराबादच्या बोळात सोनं कधी वळलं नाही.
इथं चांदी, तीही पाण्यातून चढवलेली:
बँडवाल्यांची कर्णी, कबड्डीचे कप,
एखाद्या देवीचा मुखवटा,
लग्नसराईत घोड्याचे चाळ.

शांतवन पाटोळे आले शनिवारी.
सायकलच्या कॅरिअरला मोसंबीची पेटी,
पेटीत गवत, गवतात दोन शमादानं.
"नाताळाच्या आत उजळून द्या, ताई.
मंडळीनं तीनशे मंजूर केलेत. रसीद लागंल."

चिंचेच्या कोळानं काजळी काढली,
गरम पाण्यानं मेण.
किती वर्षांचं मेण, थरावर थर,
खालचे थर पिवळे पडलेले, जुन्या दातांसारखे.

पहिलं हातात घेताच कळलं, लांबचं आहे.
आप्पा सांगायचे त्याची रीत:
तांब्याची जाड वीट घासून लख्ख करायची,
तिच्यावर चांदीचा पत्रा, कडेनं टाकणखार,
तारेनं करकचून बांधायचं, भट्टीत सारायचं
आणि झरोक्याला डोळा लावून बसायचं.
कडेला चांदीला घाम फुटला
की त्याच क्षणी बाहेर.
एक श्वास उशीर झाला तर चांदी तांब्यात विरली, दिवस वाया.
जमलं तर मग रुळाखाली कितीही लाटा,
पातळ होतात ती दोघं, पण सोबतच.
कापलं की कडेला तांबडं उघडं पडतं,
म्हणून कडेवर चांदीची तार.
अंग पोकळ, बाजूनं सांधा, केसाएवढा.
तळात राळ भरलेली, वाऱ्यानं कलंडू नये म्हणून.

त्याच्या झिजेतून तांबडं डोकावत होतं.
दुसऱ्याच्या झिजेतून पिवळं.

दोन्ही शेजारी ठेवली.
मानेखाली पोचा, मसुरीएवढा.
दुसऱ्याच्या मानेखाली तोच पोचा,
त्याच जागी, त्याच कुशीवर.
इतकं नेमकं कोण पडतं?
पडलं होतं एकच.
दुसरं त्याच्या साच्यातून निघालेलं, पोच्यासकट,
आणि जवभर आखूड,
कारण ओतलेलं पितळ निवताना अंग चोरतं.

उलटं केलं. तळाच्या कडेला नखाएवढी रेघ.
ही रेघ माझ्या ओळखीची.
खरादावरून काम उतरवताना
आप्पा पटाशी एकदा टेकवायचे, सगळ्या कामांवर.
"सही कामून करता?" मी विचारलं होतं, फ्रॉकातल्या वयात.
"सही न्हाई ती, पोरी. हात थांबला, तिथली खूण."

शांतवन आले तेव्हा मी काही बोलले नाही.
नुसती दोन्ही त्यांच्यापुढं उभी केली, खांद्याला खांदा.
त्यांनी पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.
"एक गेलं होतं. कुठं,
ते बाबांनी मरेपर्यंत सांगितलं न्हाई.
तुमच्या वडलांनीबी न्हाई.
त्या साली मी टायफॉइडनं पडलो होतो,
तेवढंच मला ठाऊक."

बाहेर सळयांचा ट्रक बोळात अडकला होता,
हॉर्न वाजत राहिला.
तो थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

"बाबा दर रविवारी एका मेणबत्तीचं बूड
चाकूनं तासायचे, इतकुसं.
मला वाटायचं, सवय असेल.
ते गेल्यावर एकदा न तासता लावल्या,
तर उजव्या हाताची ज्योत वर.
कुणाच्या ध्यानात आलं नसंल.
मला मात्र प्रार्थना सुचंना.
तवापासून मीबी तासतो."

पितळी नगाला मी चांदी जाड चढवली,
रात्रभर ठेवलं हौदात, आप्पांच्या जुन्या तारेला टांगून.
तांबड्याला नुसतं पुसलं.
पैसे बेताचेच होते, म्हणून असेल.

रसीद लिहिली: शमादान, जोड एक.
जोड लिहिताना पेन जरा अडलं, मग चाललं.
"पोचे काढायचे तर पैसे वेगळे," मी म्हटलं.
शांतवन गवत सारखं करत होते.
"राहू द्या," म्हणाले, "दोन्ही."